दळण दळून मीळेल

काळाचौकीच्या गिरणीचा पत्रा रंगवलास, तेव्हा
मी शिडी धरून उभा होतो.
छापखान्याची पाळी संपवून आलेलो,
खिशात लाल पेन, डोळ्यांत दिवसभराचे खिळे.
'येथे सर्व प्रकारचे दळण दळून'
इथवर सगळं ठीक होतं.
पुढे बघतो तर म ला दुसरी वेलांटी.

ओरडलो, झिल्या, पहिली रे, पहिली!
तू ब्रश दातांत धरून उतरलास,
चार पावलं मागे गेलास, डोळे बारीक केलेस
आणि म्हणालास, लागला तो रंग लागला.
शिवाय तुझ्या मिळेलात 'मी' कुठाय?
माझ्यात बघ. आहे.

चार दिवस बोललो नाही आपण.
पाचव्या दिवशी तू खाजाची पुडी घेऊन आलास
आणि माफी न मागता अर्धी स्वतःच संपवलीस.

तुझा ळ मात्र कुणाला जमला नाही.
मनगट न उचलता काढायचास,
एक वाटोळा, दुसरा जरा कलता,
जेवून भिंतीला टेकलेल्या माणसासारखा.
त्या पत्र्यावर तिघे तसे टेकून बसले होते.
ऊन खात. तीस वर्षं.

केईएममध्ये नाकात नळी घालून
तू समोरची 'शांतता राखा' पाटी बघत पडलेलास.
बोटानं खुणावलंस. मला वाटलं, पाणी.
चमचा ओठांना लावला तर मान हलवलीस.
घरी जाताना जिन्यात कळलं,
त्या 'खा'चा काना तिरका होता.

भोईवाड्याच्या स्मशानात कारकुनानं पावती फाडली.
झिलु. ऱ्हस्व.
म्हटलं, साहेब, अंत्य उकार दीर्घ असतो.
दमलेला होता तो, दिवसातली कितवी पावती कुणास ठाऊक.
म्हणाला, काका, आता काय फरक पडतो?
मी लाल पेनानं दुरुस्ती केली,
समासात खूण केली, सवयीनं खाली सही.
शालनवहिनी बघत होत्या.
त्यांना वाटलं असेल, काहीतरी भरायचं राहिलंय.
राहिलंच होतं.

मग मी दर शनिवारी गिरणीत जायला लागलो.
एकट्या माणसाला पीठ ते किती लागणार?
किलोभर ज्वारी, कधी त्याहून कमी.
डबा ठेवायचा, बाहेर यायचं, वर बघायचं.
गिरणीवाल्याचा नातू एकदा म्हणाला,
काका, तुमचं दळण आत आहे.

गेल्या महिन्यात त्यानंच सांगितलं, फ्लेक्स लावतोय.
तुम्ही छापखान्यातले, मजकूर तेवढा लिहून द्या.
बेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी.
पहिल्यांदाच एक लिहिली, जाणूनबुजून,
दुसरी वेलांटी, दोनदा गिरवून,
कुणाच्या नजरेतून सुटू नये अशी.

फ्लेक्स आला.
मिळेल.
पोरगा खुशीत होता. काका, तुमची चूक झाली होती,
कॉम्प्युटरनं पकडली.
बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर.
मागून दिवे, सगळे ळ सारखे,
कवायतीला उभे केल्यासारखे ताठ.
मी खालून दोनदा वाचलं.
त्यात मी नव्हता.

पत्रा त्यानं टेम्पोतून घरी पोचवला.
दुसरीकडे मावत नाही म्हणून
मोरीच्या दाराशी उभा केलाय.
कडेच्या दुमडीतून अजून चिमूटभर पीठ गळतं.
केर काढायला येणारी कृष्णाबाई वैतागते,
विचारते, भाऊ, काय लिवलंय यावर एवढं?
तिला वाचता येत नाही.
मी वाचून दाखवतो,
दळण, दळून,
आणि पुढचा शब्द
त्याची वेलांटी संपेपर्यंत
लांबवतो.